मुका मार

दिवाळीच्या अंकात दुखण्याखुपण्याचा विषय घेऊ नये, असा आमच्याकडे एक अलिखित संकेत आहे. यंदा मी काय लिहिणार आहे हे कळताच सौ.च्या कपाळाला आठी पडली. "लोक फराळ करता करता अंक चाळतात. त्यांच्या घशात लाडू अडकवायचा आहे का तुम्हाला?" असे तिने विचारले. मी नेहमीप्रमाणे गप्प बसलो. तासाभराने भाजणी परतता परतता तीच म्हणाली, "लिहा. पण सगळं लिहा, स्वतःला वगळून लिहू नका. गेल्या दिवाळीत आपल्याला हे कुणी आधी सांगितलं असतं, तर..." वाक्य तिने पुरे केले नाही. तिचे ते राहिलेले वाक्य पुरे करण्यासाठीच हा लेख आहे.

माझे धाकटे मेहुणे म्हणजे आमच्या घरातला बोलका पोपट. वय अवघे छत्तीस. उद्यमनगरात स्वतःचा छोटासा कारखाना, लहानपणी तालमीची माती अंगाला लावलेली, छाती रुंद आणि आवाज त्याहून रुंद. मी मराठीचा प्राध्यापक. पण घरात चार पाहुणे जमले की सभा जिंकायची ती त्याने. सासूबाई गेल्यापासून दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला बायकोमुलांसह आमच्याकडे मुक्कामाला यायचे आणि आक्काच्या हातून तेल लावून घ्यायचे, हा त्याचा दरवर्षीचा परिपाठ.

गेल्या वर्षी वसुबारसेच्या संध्याकाळी तो रंकाळ्याकडून स्कूटरवरून येत होता. वाटेत कुत्रे आडवे आले, रस्त्यावर बारीक खडी होती, गाडी घसरली. हेल्मेट होते, पण ते घरच्या खुंटीवर! "रंकाळ्यापर्यंतच तर जायचंय" या सबबीवर अख्खे कोल्हापूर उघड्या डोक्याने फिरते, मग त्याने एकट्यानेच का मागे राहावे? तो उठला, धूळ झटकली, गाडी सुरू केली आणि घरी आला. डाव्या कानामागे एक टेंगूळ, कोपराला थोडे खरचटलेले. रक्ताचा म्हणाल तर थेंब नाही. मी दवाखान्यात जाऊ या म्हणालो, तर हसून म्हणाला, "काय न्हाई हो दाजी, मुका मार आहे. हळद लावली की बसतंय."

मुका मार! किती सुंदर शब्द आहे पाहा. जखम दिसत नाही, रक्त येत नाही, म्हणून तो मार मुका. इतकी वर्षे मी भाषा शिकवतो आहे. परंतु या विशेषणात केवढी धमकी लपलेली आहे, हे मला त्या दिवसापर्यंत उमगले नव्हते.

दुसरा दिवस धनत्रयोदशीचा. सकाळपासून त्याची मान डाव्या बाजूने दुखू लागली. दुखणे जबड्याखालून कानामागे आणि तिथून कपाळापर्यंत चढत होते. "असं दुखणं आयुष्यात कधी दुखलं न्हाई," असे तो दोनदा म्हणाला. तालमीत वाढलेला माणूस हे म्हणतो आहे, याचा अर्थ आम्हांला कळायला हवा होता. दुपारी सौ.च्या लक्षात आले की त्याची डावी पापणी किंचित खाली आली आहे. आम्ही चेष्टा केली. "एका डोळ्याला आत्ताच दिवाळीची झोप लागली वाटतं!"

आता माझा कबुलीजबाब. संध्याकाळी मी दाढी करायला निघालो, तेव्हा त्यालाही बरोबर घेतले. आमच्या न्हाव्याचा हात मोठा हलका. दाढी झाली की डोके दाबतो आणि शेवटी हनुवटी व डोके धरून मान अशी काही फिरवतो की कडकन आवाज होतो आणि आठवड्याचा शीण उतरतो. "यांची मान अवघडली आहे, जरा मोकळी करून द्या," असे मीच सांगितले. मान दोन्ही बाजूंना कडाडली. मेहुणा म्हणाला, "हां, आता बरं वाटलं." मी पैसे दिले आणि वर शाबासकीही दिली.

नरकचतुर्दशीची पहाट. बाहेर मुलांनी फटाक्यांना सुरुवात केली होती. चार वाजून चाळीस मिनिटांनी तो उठला, पाटावर बसला आणि म्हणाला, "आक्का, तेल लावायच्या आधी घोटभर चहा दे." हे वाक्य आणि ही वेळ मी मुद्दाम लिहून ठेवतो, पुढे त्यांना फार मोल आले. चहा झाला, तेल लावून झाले, उटणे झाले, अंगावर पाणी पडले. मग रिवाजाप्रमाणे सौ.ने त्याच्यापुढे कारीट ठेवले. अंगठ्याने कारीट चिरडायचे, त्याचा कडू रस जिभेला लावायचा आणि 'गोविंदा' म्हणून ओरडायचे. त्याचा तो 'गोविंदा' गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जातो, म्हणून मुले कानांत बोटे घालून उभी होती.

पाय कारिटावर पडला नाही, शेजारी पडला. त्याने तो पुन्हा उचलू पाहिला. पण उजवा पाय जणू दुसऱ्या कुणाचा होता. मुले हसली. त्याने आमच्याकडे पाहिले, तोंड उघडले आणि त्यातून 'गो... गो...' एवढेच आले. तोंडाचा उजवा कोपरा खाली ओघळला होता. डोळे मात्र पूर्ण जागे होते. त्या डोळ्यांत जी भीती होती, ती मी जन्मात विसरणार नाही.

गलका ऐकून शेजारचे आजोबा आले. अनुभवी माणूस. ते म्हणाले, "अंगावरून वारं गेलंय. तिळाचं तेल कोमट करून उजव्या अंगाला चोळा. दिवस उजाडला की लकव्याचं औषध देणाऱ्याकडे नेऊ." कुणीतरी त्याला पाणी पाजले, तर त्याला जोराचा ठसका लागला. मी हातात तेलाची वाटी घेऊन बसलो. एम.ए. झालेला माणूस, घरात शे-दोनशे ग्रंथ, आणि मी तेल चोळीत होतो! अर्धा तास असा गेला. शेवटी सौ.ने माझ्या हातातली वाटी काढून घेतली आणि १०८ ला फोन लावला.

'अंगावरून वारे जाणे' हा आपला फार जुना शब्दप्रयोग. आयुर्वेदाने या रोगाला पक्षाघात म्हटले, आपण अर्धांगवायू म्हणालो, अरबीतून लकवा आला. पक्षाघातात नुसता आघात आहे. परंतु अर्धांगवायूत वायू शिरला आणि मराठी मनात तोच ठसला. वारे आले, वारे गेले, त्याला माणूस काय करणार? या शब्दाने आपले मोठे नुकसान केले आहे. कारण ते वारे नसते. मेंदूच्या एका भागाचे रक्त थांबलेले असते किंवा एखादी वाहिनी फुटून ते मेंदूत सांडलेले असते. वाऱ्यापुढे हात टेकावेत हे ठीक. पण तुंबलेल्या पाटापुढे कुणी शेतकरी हात जोडून बसतो काय?

रुग्णालयात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "सर, हे शेवटचं नीट कधी बोलले?" दुखणे केव्हा लक्षात आले, असे त्यांनी विचारले नाही, शेवटचे धड कधी होते, असे विचारले. सौ. म्हणाली, "चार चाळीसला चहा मागितला." डोक्याचे सी.टी. स्कॅन झाले. त्यात रक्तस्राव नव्हता आणि बिघाडही अजून दिसत नव्हता. सुरुवातीच्या तासांत असे चित्र पुष्कळदा निर्दोष येते, असे त्या म्हणाल्या. मग त्या त्याच्या डाव्या पापणीकडे पाहत राहिल्या. बॅटरीने डोळे तपासले. डावी बाहुली उजवीपेक्षा लहान होती. "पडले होते का हे? मानेला मार? मान कुणी चोळली, मोडली?"

मी भिंतीकडे पाहत सगळे सांगितले.

लगेच मानेतल्या रक्तवाहिन्यांची तपासणी झाली आणि चोर सापडला. मेंदूकडे जाणारी डावीकडची मोठी धमनी आतून फाटली होती.

ही गोष्ट मला जशी समजली तशी सांगतो. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या चार धमन्या मानेतून वर जातात. दोन पुढच्या बाजूला, गळ्याच्या उजवीडावीकडे. बोट ठेवले की त्यांचे ठोके लागतात. त्यांना कॅरॉटिड म्हणतात. ग्रीक भाषेत या नावाच्या मुळाशी गाढ गुंगीचा अर्थ आहे; त्या दाबल्या की माणूस गुंगतो, हे प्राचीनांनी पाहिले होते. उरलेल्या दोन मागच्या बाजूला. मानेच्या मणक्यांना जी भोके असतात त्यांतून, मण्यांतून दोरा ओवावा तशा, त्या वर चढतात आणि कवटीत शिरण्यापूर्वी एक वळण घेतात. मान हिसडली, पिळली किंवा तिच्यावर तडाखा बसला, तर या नळ्या ताणल्या जातात, हाडावर घासतात.

धमनीची भिंत तीन पदरांची असते. आपला जुना लोकरी कोट आठवा. बाहीच्या आतले अस्तर उसवले की काय होते? हात बाहीत जाण्याऐवजी अस्तरात शिरतो आणि पुढे वाट बंद! तसेच इथे होते. आतला पदर फाटतो, रक्त त्या फटीतून भिंतीच्या पदरांमध्ये घुसते, पदर फुगतो आणि खरी वाट अरुंद होते. फाटल्या जागी रक्ताची गुठळी धरते. त्या गुठळीचा कण सुटून वर मेंदूत जाऊन अडकला की त्या भागाचे रक्त थांबते. हे पडल्याक्षणी होईलच असे नाही. काही तासांनी होते, काही दिवसांनी होते, क्वचित काही आठवड्यांनीही होते. मधल्या काळात माणूस हसतो, बोलतो, दिवाळीची खरेदी करतो. मुका मार तो हाच. पापणीचे कोडेही सुटले. डोळ्याकडे जाणारे काही बारीक मज्जातंतू या धमनीला बिलगून वर जातात. धमनी फुगली की ते दुखावतात, मग पापणी झुकते आणि बाहुली आकसते. धनत्रयोदशीच्या दुपारी ती धमनी आम्हांला डोळ्याने खुणावीत होती, आणि आम्ही हसत होतो.

हा प्रकार काही आजचा नाही. पॅरिसच्या व्हर्नय नावाच्या शल्यवैद्याने १८७२ साली अशा एका रुग्णाची हकीकत नोंदवली होती. अपघाताचा मुका मार, मग उजव्या अंगाचा पक्षाघात, आणि मृत्यूनंतरच्या तपासणीत डाव्या धमनीचे फाटलेले अस्तर व तिच्यात धरलेली गुठळी. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात १०७ मर्मे सांगितली आहेत. मानेतल्या मातृका नावाच्या आठ शिरांना इजा झाली तर तत्काळ मृत्यू, आणि कंठाच्या दोन्ही बाजूंच्या नीला व मन्या यांना इजा झाली तर मूकता व आवाजात विकृती, असे तिथे म्हटले आहे. आजचे सगळे ज्ञान तेव्हा होते, असल्या बढाईत मला शिरायचे नाही. पण मान जपण्याची जागा आहे, एवढे शहाणपण आपल्या घरात फार पूर्वीपासून आहे; आपणच ते माळ्यावर टाकले.

क्रिकेटच्या शौकिनांना दोन घटना आठवत असतील. मार्च १९६२ मध्ये बार्बाडोस येथे ग्रिफिथचा चेंडू भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर बसला. कवटी फुटली, तातडीने शस्त्रक्रिया झाली. रक्त देणाऱ्यांत वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल होते, तसे आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आणि पॉली उम्रीगरही होते. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पुढे प्रथम श्रेणीचे सामनेही खेळले. कसोटी मात्र पुन्हा खेळले नाहीत. तो मार बोलका होता. सर्वांना दिसला, सर्व धावले. दुसरी घटना २५ नोव्हेंबर २०१४ ची, सिडनीच्या मैदानावरची. फिलिप ह्यूज ६३ धावांवर खेळत होता. डोक्यावर हेल्मेट होते. पण उसळता चेंडू हेल्मेटच्या खाली मानेवर लागला. मागच्या बाजूची धमनी चिरली आणि रक्त मेंदूभोवती पसरले. दोन दिवसांनी तो गेला. पंचविसाव्या वर्षी! त्यानंतर हेल्मेटच्या मागे मान झाकणारी पट्टी आली. हेल्मेटने कवटी वाचते हे खरेच आणि म्हणून ते घालावेच; पण कवटीखाली मान नावाची एक वस्तू आहे, हे जगाला त्या दिवशी कळले.

आणि आपण तर कोल्हापूरकर! शाहू महाराजांनी बांधलेले १९१२ सालचे खासबाग मैदान आपल्या गावची शान. मान कमावणे म्हणजे काय, हे इथल्या पोराला शिकवावे लागत नाही. २०१८ साली आपल्याच जिल्ह्यात एका गावच्या मैदानात विशीतल्या एका मल्लाच्या मानेला जबर दुखापत झाली आणि काही दिवसांनी तो गेला, ती बातमी वाचून सारे शहर हळहळले होते. तालमीतल्या एका वृद्ध वस्तादांना मी मेहुण्याची हकीकत सांगितली. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "मास्तर, मान कमवायला बारा वर्षं लागत्यात. ती दुसऱ्याच्या हातात द्यायची नसती." मला वाटते, सगळ्या केशकर्तनालयांत हे वाक्य चौकटीत लावावे.

यात न्हाव्याला दोष देण्याचा माझा हेतू नाही. त्याने माझ्या सांगण्यावरून केले. शिवाय धमनी वसुबारसेला फाटली की धनत्रयोदशीला, हे मी डॉक्टरीणबाईंना खोदून खोदून विचारले. त्या म्हणाल्या, "ते आता कुणालाच सांगता येणार नाही. पडल्यामुळे फाटली असेल. मोडल्यामुळे जास्त फाटली असेल. यापुढे मात्र मान मोडून घेऊ नका. कुणीच." झटक्याने मान पिळल्यावर असे झाल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. केस धुण्यासाठी बेसिनच्या काठावर मान मागे टाकून बसल्यानेही झाले आहे. अमेरिकेत १९९३ साली अशा पाच स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध झाली आणि 'ब्यूटी पार्लर स्ट्रोक' हे नाव पडले. २०२२ साली हैदराबादेतही पार्लरमध्ये केस धुताना एका स्त्रीला असा झटका आल्याची बातमी होती. घाबरून जाण्याचे कारण नाही. असे क्वचितच होते. एकंदर पक्षाघातांत या कारणाचे प्रमाण शेकडा २ च्या आसपास. परंतु पन्नाशीच्या आतल्या रुग्णांत तेच शेकडा १० ते २५ पर्यंत जाते. म्हणजे 'तरणाताठा आहे, याला कसला अर्धांगवायू?' हे आपले घरगुती तर्कशास्त्र नेमके इथेच फसते.

मेहुण्याला त्या सकाळी सव्वासातच्या सुमारास गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन मिळाले. ते झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि तेही सर्वांना चालत नाही. डॉक्टर पारखून देतात. मोठी वाहिनी तुंबली असेल, तर निवडक रुग्णांत नळी घालून गुठळी ओढून काढता येते. तिला अवधी थोडा अधिक मिळतो. पण लवकर ते उत्तमच. २००६ साली एका अमेरिकन डॉक्टरांनी हिशेब मांडला की मोठी वाहिनी बंद पडली तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी मरतात. मी तेल चोळण्यात घालवलेला अर्धा तास आठवा आणि गुणाकार करा. पाच कोटी सत्तर लाख! हा आकडा मी डायरीत लिहून ठेवला आहे.

जीव वाचला. आठवड्यात पाय हलला, महिन्यात तो काठी घेऊन चालू लागला. परंतु बोलणे? मराठीच्या प्राध्यापकासाठी देवाने नेमकी हीच परीक्षा ठेवली होती. त्याला सर्व समजत असे. समोर चमचा धरला, तर चमच्याने काय करतात हे तो खुणेने दाखवी. पण 'चमचा' हा शब्द मिळत नसे. पॅरिसच्याच ब्रोका नावाच्या डॉक्टरांनी १८६१ साली अशा एका रुग्णाची माहिती प्रसिद्ध केली होती. तो बिचारा 'टॅन' एवढाच उच्चार करी. बोलण्याचे केंद्र बहुतेकांच्या मेंदूत डाव्या अर्धगोलात असते, हे तिथून पुढे कळत गेले.

त्याच्या तोंडून पहिला सबंध उद्गार कोणता निघाला असेल? सुई टोचणाऱ्या परिचारिकेचा हात चुकला आणि तो एक अस्सल कोल्हापुरी शिवी बोलला. छापण्याजोगी ती नाही. इतकी स्पष्ट, इतकी शुद्ध की वहिनी, म्हणजे त्याची बायको, लाजावे की रडावे या विचारात पडली आणि शेवटी तिने दोन्ही केले. डॉक्टर म्हणाले की शिव्या, पाढे, आरत्या असे वर्षानुवर्षे घोटलेले बोलणे पुष्कळदा शाबूत राहते. झालेही तसेच. 'बेचा पाढा' म्हणून सुरुवात करून दिली की गडी घडाघडा वीसपर्यंत जाई. पण नुसते 'बे चोक किती?' विचारले की अडे. गणपतीची आरती सगळ्यांबरोबर पूर्ण म्हणे. आरती संपली की मुलाचे नाव घेता येत नसे. वर्गात मी नामे, सर्वनामे, क्रियापदे शिकवतो, जणू ती पुस्तकातच राहतात. ती एका पेन्सिलीएवढ्याही जाड नसलेल्या नळीच्या भरवशावर राहतात, हे मला ठाऊक नव्हते.

रक्त गोठू नये म्हणून त्याला गोळ्या सुरू होत्या. या विकारात कोणत्या प्रकारच्या गोळ्या अधिक चांगल्या, यावर ब्रिटनमध्ये दोन प्रकारांची तुलना झाली. २०१५ साली निष्कर्ष आला, त्यात फारसा फरक दिसला नाही. म्हणून आपले डॉक्टर देतील त्या घ्याव्यात आणि आपण होऊन थांबवू नयेत. निसर्ग मात्र मोठा दयाळू. फाटलेले अस्तर बहुतेकांत तीन ते सहा महिन्यांत आपले आपणच सांधते. मेहुण्याचीही धमनी सहाव्या महिन्याच्या तपासणीत जवळजवळ पूर्ववत दिसली. नळी दुरुस्त झाली. तिच्या पलीकडचे जे जळाले ते हळूहळू नव्याने शिकावे लागते आहे. रोज सायंकाळी तो माझ्याकडे येतो. मी पहिलीची चित्रे दाखवतो आणि तो नावे सांगतो. माझ्या सबंध नोकरीत इतका मेहनती विद्यार्थी मला मिळाला नाही.

आता वाचकहो, सौ.ने बजावल्याप्रमाणे चार गोष्टी सांगतो. डोक्याला किंवा मानेला मार बसला आणि त्यानंतर एका बाजूची मान किंवा डोके पूर्वी कधी दुखले नाही असे दुखू लागले, पापणी झुकली, गरगरून ओकारी आली, तोल जाऊ लागला, तर तो अवघडलेपणा समजू नका. डॉक्टरांना दाखवा आणि पडलो होतो हे आठवणीने सांगा. दुखरी मान चोळू नका, मोडू नका. तोंड वाकडे झाले, एक हात वर ठरेना, बोलणे अडखळले, यांतले एक जरी दिसले तरी घड्याळ पाहा, माणूस शेवटचा धड कधी होता ते लक्षात ठेवा आणि जिथे स्कॅनची सोय आहे अशा रुग्णालयाची वाट धरा. त्याच्या तोंडात पाणी, औषध काही घालू नका. आणि हेल्मेट खुंटीवरून काढून डोक्यावर ठेवा. रंकाळ्यापर्यंतच जायचे असले तरी.

हे लिहीत असताना मेहुणा आला. आता काठी नाही. उजवा पाय किंचित ओढतो. परवा पहिल्या आंघोळीला तो नेहमीप्रमाणे आमच्याकडे येणार आहे. सौ.ने बाजारातून आणलेली कारिटे परडीत ठेवली होती. त्याने एक उचलून हातात घेतले, बराच वेळ न्याहाळले.

"हे काय?" मी मास्तराच्या सवयीने विचारले.

त्याचे ओठ हलले. शब्द कुठेतरी आत होता. तो शोधत होता. मी सांगायला तोंड उघडले, तशी सौ.ने खुणेने मला थांबवले. आम्ही तिघेही त्या शब्दाची वाट पाहत उभे राहिलो. बाहेर कुणीतरी वेळेआधीच फटाका उडवला.

"कडू," तो म्हणाला. "दाजी... कडू असतंय हे."

नाव नाही आले. पण चव आली. परवापर्यंत नावही येईल, असे सौ. म्हणते आहे.